खिशातली जांभळी भुकटी

१

शनिवारी सकाळी आठला झाडणारी बाई संस्थेच्या वाचनालयात शिरली, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर डोकं टेकून कुणीतरी झोपलेलं दिसलं. तिने आधी आजूबाजूचा केर काढला, मग म्हणाली, "ताई, पाय जरा वर घ्या."

पाय हलले नाहीत.

मी तिथे पोचले तेव्हा दारात सात-आठ माणसं उभी होती आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. मेलेली बाई त्रेचाळीस वर्षांची. संस्थेतली संशोधक. सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. समोर एक जाडजूड बांधीव अंक उघडा, त्यावर तिचा गाल. अंग गार पडलेलं. जबरदस्तीची कसलीही खूण नाही.

"हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती," विभागप्रमुख म्हणाले. सडपातळ, नीटनेटका माणूस. "वाचता वाचता गेल्या. संशोधकाला याहून चांगलं मरण कुठलं?"

मला ते वाक्य आवडलं नाही. पण वाक्य आवडलं नाही म्हणून गुन्हा नोंदवता येत नाही. प्रेत हलवण्याआधी मी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या, हवालदाराने यादी लिहिली, विभागप्रमुखांनी साक्षीदार म्हणून सही केली. वेळ सव्वानऊ.

पांढरा ॲप्रन, अंगात. डाव्या खिशात घडी केलेला चष्मा, रुमाल, दोन किल्ल्या. उजव्या खिशात करंगळीएवढी काचेची नळी, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली, आत जांभळी भुकटी.

दुपारी डॉक्टरांचा निकाल आला: हृदय बंद पडून मृत्यू, शुक्रवारी रात्री केव्हातरी. त्वचेवरचे डाग जरा जास्त गुलाबी होते, तसं थंडीत होतं. पण शवागारही थंडच असतं, असं त्यांनीच खाली लिहिलं होतं.

प्रकरण तिथेच मिटत होतं.

२

सोमवारी तिचा थोरला भाऊ ठाण्यात आला. लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. दोघं बहीणभाऊच काय ते एकमेकांना होते. शुक्रवारी रात्री तो गाडीवर होता, म्हणून ती घरी आली नाही हे कुणाला कळलंच नाही. तेव्हा खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते.

तो खुर्चीच्या टोकावर बसला. मी लिफाफा उघडून वस्तू एकेक करून समोर ठेवल्या. चष्म्यावर त्याचा हात थांबला.

"हा कुठे होता?"

"खिशात."

"घडी करून?"

"हो."

"आणि ती वाचत होती म्हणता?" तो माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, छोटीला चष्म्याशिवाय ताटातली भाजी कुठली ते कळायचं नाही. मी चेष्टा करायचो, आंधळी कोशिंबीर म्हणून. चष्मा खिशात ठेवून पुस्तक वाचायला ती काय जादूगार होती?"

 शनिवारपासून मला काहीतरी सलत होतं. काय सलत होतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं.

"लगेच काही ठरवू नका," मी म्हणाले.

"मी काय ठरवणार? ठरवायचं तुम्हीच." त्याने चष्मा परत लिफाफ्यात ठेवला, काचांना बोट लागू न देता. "फक्त ती कुठे गेली, ते मला खरं सांगा."

"कुठे म्हणजे?"

"ती त्या खुर्चीत गेली नाही, मॅडम."

३

संस्था म्हणजे दोन इमारती, मध्ये छत घातलेला बोळ. एकीकडे प्रयोगशाळा, तळमजल्यावर सामानाचं स्टोअर, दुसरीकडे वाचनालय. आकाश तीन दिवस भरून आलेलं होतं, पण पडत काहीच नव्हतं.

विभागप्रमुखांनी मला बसायला सांगितलं आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. शुक्रवारी दुपारी ते एका बैठकीसाठी गावाबाहेर होते. शनिवारी सकाळी साडेआठला परतले.

"कुणाशी वैर?"

"वैर कसलं. पण शुक्रवारी तिच्या विद्यार्थिनीशी भांडण झालं म्हणे. पोरगी रडताना दोघांनी ऐकली."

स्टोअरकीपर पन्नाशी ओलांडलेला, खांदे पडलेला. तळमजल्याच्या आणि वाचनालयाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. बोलताना तो नजर उचलत नव्हता, पण पोलिसांपुढे बरेच जण उचलत नाहीत.

"ताई शुक्रवारी तुमच्याकडे आल्या होत्या?"

"नाही. शुक्रवारी दुपारनंतर कुणीच आलं नाही. पाचला बंद केलं. वहीत आहे."

वहीत तसंच होतं.

विद्यार्थिनी सत्तावीस वर्षांची. तीन दिवस झोपलेली दिसत नव्हती.

"भांडण झालं?"

"हो. नाही. म्हणजे आधी झालं होतं." ती अडखळली. "एकच पदार्थ आम्ही दोघींनी मोजला. माझं उत्तर एक, ताईंचं दुसरं. महिनाभर ताई म्हणायच्या, तू चुकतेस. माझा प्रबंधच अडकला होता. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, पोरी, तूही बरोबर आणि मीही बरोबर. म्हणून मी रडले."

"मग?"

"मग त्या गेल्या. साडेतीन वाजले असतील. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही."

तिचे डोळे दाराकडे गेले. अर्धं खरं सांगणारी माणसं दाराकडे बघतात, हे मी नोकरीत शिकले होते. मी पर्समधून नळी काढली आणि तिच्यासमोर धरली.

"हाच पदार्थ?"

तिने नळी घेतली, उजेडाकडे नेली, काचेवरचा आकडा वाचला. मग एकदम बाकावर बसली.

"मॅडम, आकडा तोच आहे," ती म्हणाली. "पण ही पांढरी होती."

४

"काटेकाकांकडे चला," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, मी स्वतःला वाचवतेय."

काटेकाका म्हणजे संस्थेतला चुंबकी काटा सांभाळणारे. तीस वर्षं तेच काम. खोलीत दोन तोंडांचा जाडजूड विद्युतचुंबक, वर नाजूक तराजू, आणि तराजूच्या एका बाजूने खाली सोडलेला दोरा. त्याला नळी टांगायची, नळीचं टोक चुंबकाच्या तोंडांमध्ये येतं. आधी चुंबक बंद ठेवून वजन करायचं, मग चालू करून.

"मी बारावीला रसायनात गटांगळ्या खाल्ल्यात, काका," मी म्हणाले. "मला पहिलीतल्या पोरीसारखं सांगा."

"सोपं आहे." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "या भुकटीत लोखंडाचे अणू आहेत. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या घरात सहा इलेक्ट्रॉन. सहा भावंडं समजा, आणि झोपायला खाटा पाच. गारठा असला की भावंडं काय करतात? दोघं-दोघं एका पांघरुणात शिरतात. तीन खाटा भरल्या, दोन रिकाम्या. गरम झालं की? सरक तिकडे, मला उकडतंय! पाचही खाटा धरतात. एका खाटेवर दोघं, बाकी चौघं एकेकटे."

"आणि हे डोळ्यांना दिसतं कसं?"

"दोन तऱ्हांनी. एक रंग. जोडीने असले की ही भुकटी जांभळी, पांगले की पांढरी. दुसरं वजन. एकटा इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखा वागतो, जोडीतले दोघं एकमेकांना रद्द करतात. म्हणून चौघं एकटे असले की चुंबक नळीला खाली ओढतो, वजन वाढलेलं दिसतं. सगळे जोडीत असले की ओढत नाही. अणूच्या आत कुणी डोकावलेलं नाही, बाई. रंग बघायचा, वजन बघायचं, आणि आत कोण कुठे झोपलंय ते ओळखायचं."

त्यांनी नळी टांगली. चुंबक चालू केला. काटा ढिम्म हलला नाही; उलट केसभर वर गेला.

"जोडीत. एकटा कुणीच नाही." मग त्यांनी नळी कढत पाण्याच्या भांड्यात धरली. माझ्या डोळ्यांसमोर जांभळा रंग कडेने फिका पडत गेला आणि मिनिटभरात भुकटी पिठासारखी पांढरी झाली. पुन्हा टांगली. या वेळी चुंबक लावताच नळी खाली ओढली गेली. काकांनी कागदावर आकडेमोड केली. "चार एकटे. हीच ताईंची भुकटी, दुसरी कुठली नाही."

"आता थंड झाली की परत जांभळी होईल?"

काका आणि विद्यार्थिनी यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथेच तर मेख आहे," काका म्हणाले. "साधा पदार्थ लगेच परत फिरला असता. ही हट्टी आहे. पांढरी व्हायला पन्नास अंशांच्या वर जावं लागतं, आणि एकदा झाली की दहा अंशांच्या खाली उतरेपर्यंत पांढरीच राहते. मधल्या हवेत ती आधी होती तशीच राहणार. या पोरीची नळी कधी गार ठिकाणी राहिली होती, ताईंची कधी ऊन लागून तापली होती. म्हणून एकीचं उत्तर शून्य, दुसरीचं चार. महिनाभर दोघी खरं बोलत होत्या आणि भांडत होत्या."

मी हळूच विचारलं, "म्हणजे शुक्रवारी पांढरी असलेली ही नळी शनिवारी जांभळी सापडली, तर..."

"मधल्या वेळात ती दहाच्या खाली गेली होती."

५

बाहेर आल्यावर मी विद्यार्थिनीला जिन्यातच थांबवलं. "आता उरलेलं अर्धं सांग."

ती भिंतीला टेकली. "शुक्रवारी ताईंनी माझ्यासमोर नळी तापवून पांढरी केली. मग म्हणाल्या, आता गार करून जांभळी करून आणते, उद्या काकांच्या काट्यावर दोन्ही मोजू. बर्फाचं यंत्र पंधरा दिवस बंद आहे. म्हणून त्या खाली स्टोअरमधल्या कोल्ड रूमकडे गेल्या. पाच मिनिटांत येते म्हणाल्या. मी पाणी गरम ठेवून थांबले, पाचपर्यंत. आल्या नाहीत. मला वाटलं, कुणी भेटलं असेल. मी खाली जाऊन बघितलं नाही, मॅडम. एक जिना होता फक्त."

 मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

मग मी वाचनालयात गेले. जुन्या पुस्तकांसाठी तिथे एक यंत्र होतं, फिरत्या कागदावर तापमानाची रेघ काढणारं. शुक्रवारची रात्रभर रेघ एकवीस आणि तेवीसच्या मध्ये होती. नळी मी सव्वानऊला ताब्यात घेतली, शवागारात ती गेलीच नाही. म्हणजे तिला गारठा लागला तो त्याआधी, आणि या खोलीत नक्कीच नाही.

दाराबाहेर खुंट्यांवर चार-पाच ॲप्रन लटकत होते. वर पाटी: प्रयोगशाळेचे कपडे आत नेऊ नयेत.

"हा नियम कुणाचा?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"प्रमुखसाहेबांचा. ताई तर कधीच विसरायच्या नाहीत."

शेवटी स्टोअर. कोल्ड रूमला जाड लोखंडी दार, आपोआप लागणारं. दिव्याचं बटण बाहेर. आतला पारा चार अंशांवर. दार आतून उघडायचा दांडा चकचकीत होता, स्क्रूंवर ओरखडासुद्धा नव्हता. आजूबाजूच्या जुन्या रंगावर आधीच्या, मोठ्या दांड्याची पट्टी उमटलेली होती.

"हा कधी बसवला?"

"झाला असेल बराच काळ," स्टोअरकीपर म्हणाला.

दांड्याखाली फरशीवर पितळेचा बारीक कीस पडलेला होता. तो झाडायला अजून कुणाला वेळ झाला नव्हता.

६

मी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः खोक्यावर बसले.

"मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा. ताई शुक्रवारी साडेतीननंतर इथे आल्या, कारण दहाच्या खालची दुसरी जागा या आवारात नव्हती. वर पोरगी पाणी तापवून वाट बघत होती. नळी जांभळी झाली असती तर ताई धावत वर गेल्या असत्या. महिन्याचं भांडण मिटत होतं, ते अर्धवट टाकून कुणी पलीकडच्या इमारतीत वाचायला जात नाही. त्या इथून बाहेर पडल्याच नाहीत. तुम्ही म्हणालात, कुणी आलं नाही."

त्याचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"सकाळी त्यांना कुणीतरी वाचनालयात नेऊन बसवलं. समोर पुस्तक उघडलं, पण चष्मा खिशातच राहिला. अंगातला ॲप्रनही काढला नाही. प्रमुखांनी हे केलं असतं तर ॲप्रन आधी खुंटीला लावला असता, नियम त्यांचाच. विद्यार्थिनीनेही लावला असता. हे अशा माणसाने केलं जो वाचनालयात कधी वाचायला जात नाही, फक्त दार उघडून देतो. कोल्ड रूमची दुसरी किल्ली तिजोरीत लाखेने बंद आहे, मी आत्ताच बघून आले. लाख जुनी आहे."

त्याने कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"पाचला नाही," तो म्हणाला. "पावणेचारला बंद केलं. बायको अंथरुणाला खिळलीय, तिला बघणारी बाई लवकर जाणार होती. आतला दांडा दीड वर्षं मोडलेला. आम्ही दाराला रिकामं खोकं लावून आत जायचो. शुक्रवारीही खोकं लावलेलं होतं. रोज कुणीतरी काढायला विसरायचं, मॅडम. रोज. मी पायाने सरकवलं, दिवा बंद केला, दार ओढलं. पंख्याच्या आवाजात त्यांना कळलं नसेल. मागच्या फळ्यांकडे असतील."

"हाक मारली नाहीत?"

"नाही."

त्याने टेबलावरच्या किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या.

"सकाळी सातला उघडलं. दाराशीच बसलेल्या होत्या. मी ओरडलोसुद्धा नाही. वाटलं, मी तुरुंगात गेलो तर घरी बायकोला पाणी कोण देईल? झडप खराब आहे हे सगळ्यांना ठाऊक. सामानाच्या ढकलगाडीवर ठेवलं, चादर घातली, बोळातून नेलं. दुपारी नवा दांडा आणून बसवला. दुसरं कुणी अडकू नये म्हणून."

"नळी?"

"त्यांच्या मुठीत होती. घट्ट. मी सोडवली." तो प्रथमच माझ्याकडे बघत होता. "फेकता आली असती. पण ती त्यांची वस्तू. म्हणून त्यांच्याच खिशात ठेवली."

दांडा दुरुस्त करा म्हणून त्याने तीन अर्ज दिले होते. त्याच्याकडे कार्बनच्या प्रती होत्या. विभागप्रमुखांकडची फाइल मात्र काही केल्या सापडली नाही. "असे अर्ज माझ्यापर्यंत आलेच नाहीत," ते म्हणाले, आणि प्रतींवर पोचल्याची सही नव्हती. स्टोअरकीपरला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बायकोला तिच्या भावाकडे नेलं, तिथे ती सहा महिने जगली. विभागप्रमुख पुढल्या वर्षी हारतुरे घेऊन निवृत्त झाले. विद्यार्थिनीने प्रबंध पुरा केला, ताईंचं नाव पहिलं घालून, आणि मग त्या शहरात ती राहिली नाही.

७

भावाला मी सगळं सांगितलं, त्याच्या घरी जाऊन.  शेवटी त्याने विचारलं, "किती वेळ होती ती?"

"डॉक्टरांना सांगता येत नाही. झडप कमजोर होती. लवकर सुटली असेल."

"तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"मला ती खोली बघायचीय."

मी नको म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन गेले. स्टोअरला तेव्हा कुणीच नव्हतं. त्याने दाराला हात लावून बघितला, आत गेला, फळ्यांवरच्या बाटल्यांमधून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत दाराशी आला.

"लावा," तो म्हणाला.

"दादा, कशाला?"

"एक मिनिट. दिवापण."

मी दिवा बंद केला आणि दार लावलं. खटका पडल्याचा आवाज झाला. मी हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. बाहेर बोळातून दोघं जण हसत गेले. साठ सेकंद पुरे व्हायच्या आतच मी दार उघडलं.

तो दाराला अगदी चिकटून उभा होता. आतला नवा दांडा त्याने धरला नव्हता. उजव्या हाताची बोटं लाल झाली होती.

"मी ठोकलं," तो म्हणाला. "जोरात ठोकलं. ओरडलो. ऐकलंत?"

मी तीन पावलांवर होते. दुपारची वेळ होती, आणि मी कान देऊन उभी होते.

"नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, हात खिशात घातला आणि माझ्यापुढे चालत बोळातून बाहेर पडला. सहाची गाडी त्याची होती. वेळेत सुटली, असं मी नंतर आगारातून विचारून घेतलं.